सीताबर्डीच्या लढाईत इंग्रज कोण होणार?

वाचकाच्या पत्राचा सारांश: नागपूरच्या महाल भागात राहणारे, तिशी ओलांडलेले एक वाचक खासगी नोकरी करतात. ढोल-ताशा पथकातील मित्रांना घेऊन इतिहासाचे पुनर्सादरीकरण करणारा गट उभारावा, म्हणजे जुन्या काळातील पोशाख, शस्त्रे आणि प्रसंग यांचा अभ्यास करून ते लोकांसमोर प्रत्यक्ष उभे करावेत, असे त्यांच्या मनात आहे. पहिला प्रसंग म्हणून त्यांनी नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील 1817 ची सीताबर्डीची लढाई निवडली. चौदा जण तयार झाले, पण इंग्रजांच्या बाजूला उभे राहायला एकही जण राजी नाही. गटातील एका ज्येष्ठ काकांच्या मते आपल्याच राजाचा पराभव चारचौघांत मांडणे हा अपमान आहे. एक माजी नगरसेवक खर्च उचलायला तयार आहेत, मात्र शेवट ‘जरा आपल्या बाजूचा’ करावा अशी त्यांची अपेक्षा आहे. दोन तरुणींना गटात यायचे आहे आणि त्यांना कोणते काम द्यावे हे ठरत नाही. वीस पोशाखांसाठी गांधीबागेतील शिंपी आगाऊ रक्कम मागत आहे. आधी संस्था नोंदवावी की आधी कार्यक्रम करून दाखवावा, आणि ही लढाई सोडून एखादी जिंकलेली मोहीम घ्यावी काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत आधी थांबले ते ‘इंग्रज व्हायला कोणी तयार नाही’ या वाक्यापाशी. बाकीच्या अडचणी पैशांच्या, परवानग्यांच्या आणि माणसे सांभाळण्याच्या आहेत. त्या प्रत्येक नव्या गटाला येतात आणि बहुतेक वेळा सुटतातही. ही अडचण मात्र प्रसंगाचा पुरेसा अभ्यास होण्याआधीच भूमिका वाटायला घेतल्यामुळे उभी राहिली आहे, असे मला वाटते. एकीकडे मराठे आणि दुसरीकडे गोरे, असे लढाईचे दोन भाग तुम्ही गृहीत धरले आहेत. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या त्या दोन टेकड्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी नेमके कोण होते, ते आधी पाहू.

वर कंपनीच्या बाजूला रेसिडेंट, म्हणजे नागपूर दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, रिचर्ड जेन्किन्स होता, फौजेचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल स्कॉट होता आणि त्यांच्याबरोबर मोजके गोरे अधिकारी होते. रात्रभर बंदुका भरत टेकडी धरून बसलेले शिपाई मात्र जवळजवळ सगळे हिंदी, म्हणजे भारतीय, होते. त्यांत मद्रास पायदळाच्या 20 व्या आणि 24 व्या रेजिमेंटचे दक्षिणेकडील शिपाई होते. दुसऱ्या दिवशी कॅप्टन फिट्झजेराल्डने ज्या तीन तुकड्या घेऊन भोसल्यांच्या घोडदळावर चाल केली, त्या बंगालच्या 6 व्या घोडदळाच्या, म्हणजे हिंदी स्वारांच्याच होत्या. 24 व्या रेजिमेंटच्या शिपायांची हकीकत तर स्वतंत्र प्रसंग व्हावा अशी आहे: 1806 च्या वेल्लोरच्या उठावानंतर त्यांच्या पलटणीचा जुना क्रमांक काढून घेण्यात आला होता, आणि तो त्यांना परत मिळाला तो याच टेकडीवरील कामगिरीबद्दल. खाली भोसल्यांच्या बाजूला पाहिले तर सर्वांत निकराने लढलेले अरब होते. लहान टेकडी काही काळ त्यांनीच काबीज केली होती, आणि 16 डिसेंबरची सक्करदऱ्याकडील लढाईही हातची गेल्यावर शहराचा अंतर्भाग महिनाअखेरीपर्यंत त्यांनीच लढवला.

तेव्हा तुम्हाला चौदा जणांतून इंग्रज हवे आहेत ते दोन, फार तर तीन. बाकीच्यांना ज्या भूमिका ‘परक्या’ वाटत आहेत, त्या पगारासाठी घरापासून शेकडो कोसांवर आलेल्या शिपायांच्या आहेत, आणि भोसल्यांकडचे अरबही पगारीच होते. ही माहिती पुढच्या बैठकीत मित्रांसमोर ठेवा आणि मग भूमिकांचा विषय काढा. माझा अंदाज असा की अर्ध्या लोकांचा नकार तेथेच गळून पडेल. उरलेल्यांसाठी एक नियम सुरुवातीलाच करून ठेवा: प्रत्येक सदस्याने वर्षभरात दोन्ही बाजूंनी उभे राहायचे, अपवाद कोणालाही नाही, तुम्हालाही नाही. इंग्लंडमध्ये 1968 मध्ये स्थापन झालेली ‘सील्ड नॉट’ ही संस्था तेथील सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या लढाया उभ्या करते, आणि त्यात राजाची व संसदेची अशी दोन्ही सैन्ये तिच्याच सदस्यांतून उभी राहतात. विरुद्ध बाजूला उभे राहायचेच नसेल तर तुमच्या मित्रांना खरे म्हणजे मिरवणूक हवी आहे. मिरवणुकीत काही वाईट नाही, नागपुरात ती उत्तम निघते. पण तुम्ही पत्रात जे लिहिले आहे ते काम वेगळे आहे.

आता काकांच्या आक्षेपाकडे वळते. त्यांचे म्हणणे झटकून टाकू नका, कारण पराभव मांडताना राजाचे हसे होण्याचा धोका खराच असतो. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले घाबरट किंवा मूर्ख दिसतील असे सादरीकरण वाईटच म्हणावे लागेल, आणि ते खोटेही असेल. मे 1816 मध्ये कंपनीशी तैनाती फौजेचा तह करणारा हा माणूस दीड वर्षात तिच्यावर उलटला. पेशव्यांची इंग्रजांशी 5 नोव्हेंबरला खडकीला लढाई झाली, हे ठाऊक असताना त्याने 24 नोव्हेंबरला पेशव्यांकडून आलेली खिलत (मानाचा पोशाख) आणि सेनापतिपद उघड दरबारात स्वीकारले. याचा अर्थ काय होतो ते दरबारातील प्रत्येकाला कळत होते. हा निर्णय, त्यामागची घालमेल आणि दोन दिवसांनी पेटलेली लढाई नीट उभी राहिली, तर पाहणाऱ्यांना अपमान वाटणार नाही. शिवाय दुखऱ्या आठवणी रस्त्यावर आणण्याची या शहराला सवय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत निघते, तिचा संबंध लोक भोसले घराण्यातील बाकाबाईंशी आणि त्यांच्या इंग्रजांशी असलेल्या संधानाशी जोडतात. त्या एका बाईवर सगळा दोष टाकणे इतिहासाला धरून आहे की नाही, हा निराळा वाद आहे. काकांना रस असेल तर त्याच वादावर त्यांना अभ्यास करायला सांगा. निवेदनाची जबाबदारीही त्यांच्याकडे देता येईल. आक्षेप घेणारा माणूस अनेकदा सर्वांत काळजीपूर्वक वाचतो.

एखादी जिंकलेली मोहीम घ्यावी हा पर्याय दिसतो तितका सोपा नाही. नागपूरकर भोसल्यांचे सर्वांत मोठे यश बंगालच्या स्वाऱ्यांचे, ज्यांचा शेवट 1751 च्या तहाने आणि ओरिसावरील ताब्याने झाला. पण त्याच स्वाऱ्यांतील ‘बर्गी’, म्हणजे मराठा घोडेस्वार, बंगालच्या अंगाईगीतांत आजही मुलांना भीती घालायला येतात. नागपुरात बंगाली कुटुंबे काही कमी नाहीत. ती मोहीम जरूर करा, मात्र जिंकलेली आहे म्हणून ती निर्धोक आहे, असे समजून करू नका.

माजी नगरसेवकांच्या देणगीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या अटीवर पैसे घेऊ नयेत. लढाईचा शेवट बदलला की तुम्ही केलेल्या पोशाखांच्या, शस्त्रांच्या आणि तारखांच्या अभ्यासावरही कोणी विश्वास ठेवणार नाही; आणि एकदा शेवट बदलून मिळतो हे कळले की पुढचा देणगीदार मधला भाग बदलायला सांगेल. तरीही नकार कडवट होण्याचे कारण नाही. त्यांना समक्ष भेटा, 24 नोव्हेंबरच्या दरबाराचा प्रसंग ऐकवा, आणि मैदान, मांडव किंवा पाण्याची सोय अशा एखाद्या ठरावीक गोष्टीचा खर्च उचलण्याची विनंती करा. संहितेत कोणत्याही देणगीदाराने बदल सुचवायचा नाही, हे गटाच्या नियमांत आधीच लिहिलेले असेल तर तुम्हाला व्यक्तिशः नाही म्हणावे लागत नाही, ‘आमच्यात तसा नियम आहे’ एवढेच सांगावे लागते.

मात्र माझा खरा सल्ला असा की पहिल्या वर्षी लढाई करूच नका. चौदा माणसांत लढाई उभी राहत नाही, दोन टोळक्यांची बाचाबाची दिसते. त्याऐवजी सहा-सात माणसांचा एक प्रसंग घ्या. आप्पासाहेबांना कैद करून उत्तरेकडे नेत असताना मे 1818 मध्ये ते जबलपूरच्या अलीकडे पहाऱ्यातील शिपायांना फितवून, शिपायाचाच गणवेश अंगावर चढवून निसटले. पुढे महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना आश्रय दिला, आणि 1840 मध्ये जोधपूरला त्यांचा शेवट झाला. या प्रसंगाला घोडे लागत नाहीत, तोफ लागत नाही, मोठे मैदान लागत नाही. एक तंबू, एक कंदील, पहारा बदलण्याची वेळ, आणि राजाला शिपायाचे कपडे घालताना होणारी धांदल एवढ्यावर वीस मिनिटे प्रेक्षक जागचा हलणार नाही. आणि त्यात पहाऱ्यावरील शिपाई होण्यासाठी तुमचे मित्र भांडतील, कारण या प्रसंगात ती भूमिका सर्वांत चांगली आहे.

त्याच्या जोडीला एखादे प्रात्यक्षिक ठेवा. ठासणीची बंदूक भरण्याची क्रिया मोजून-मापून करून दाखवली तर मुले आणि म्हातारे सारख्याच उत्सुकतेने पाहतात: कागदी काडतूस दातांनी फाडायचे, चिमूटभर दारू बाजूच्या खोबणीत टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी आणि तोच कागद सारायचा, गजाने ठासायचे, गज पुन्हा जागेवर ठेवायचा, घोडा मागे ओढायचा आणि मगच नेम धरायचा. कवायतीत तयार झालेला शिपाई हे मिनिटात तीनदा करू शकत असे. तोड्याच्या बंदुकीला चकमकीच्या दगडाऐवजी पेटती जामगी, म्हणजे दोरीची वात, सांभाळावी लागे, हेही शेजारी दुसरा माणूस उभा करून दाखवता येईल. प्रत्यक्षात कागदात काहीही भरू नका. दारूचा एक कणही न वापरता ही क्रिया पूर्ण दाखवता येते, आणि ‘आवाज झाला असता तर मजा आली असती’ असे म्हणणारे कोणी निघालेच तर त्यांना फटाक्यांची दुकाने दाखवा.

शिंप्याला वीस पोशाखांची आगाऊ रक्कम देऊ नका. दोनच शिवून घ्या, एक अंगरखा-चोळण्याचा आणि एक कंपनीच्या शिपायाचा लाल बनातीचा कोट. चकचकीत साटीन, सोनेरी लेस, बगलेत चेन किंवा हुक हे सगळे नाटकाच्या कपडेपटाचे आहे. लांबून ते शोभते, तीन हातांवरून पाहणाऱ्याला लगेच कळते. अंगरख्याला बाजूला बंद असावेत आणि ते बांधताना वेळ लागावा. कापड साधे सुती घ्या, इतवारी-गांधीबागेत त्याला तोटा नाही. तो पोशाख घालून एका सदस्याला अर्धा तास चालायला, उकिडवे बसायला आणि चढ चढायला लावा, नंतर एकदा धुऊन पाहा, आणि दोष सुधारूनच पुढची ऑर्डर द्या. पोशाखाखालून दिसणारे स्पोर्ट्स शूज, मनगटावरचे घड्याळ आणि कमरेला लटकलेला मोबाईल यांसाठी गटातील एका कडक माणसाला कायमचे नेमा. संदर्भासाठी अजब बंगल्यातील (मध्यवर्ती संग्रहालयातील) शस्त्रदालन पाहा, विदर्भ संशोधन मंडळाकडे चौकशी करा, आणि जेन्किन्सने नागपूर राज्यावर लिहिलेला, 1827 मध्ये छापला गेलेला अहवाल मिळवून वाचा. तो शत्रूच्या माणसाने लिहिलेला आहे, हे वाचताना लक्षात ठेवा. पण येथील लोक, शेती आणि व्यापार यांची इतकी तपशीलवार नोंद सहज मिळत नाही.

शस्त्रांच्या बाबतीत मात्र मी जरा कठोर होणार आहे, कारण तुमच्या पत्रात ‘काहींच्या घरी जुन्या तलवारी आहेत, त्या वापरू’ असे वाक्य आहे. त्या तलवारी घरीच राहू द्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, ती सरावात तुटली तर भरपाई होत नाही, आणि तिचे पाते कोणाच्या बोटावर चालेल याचा नेम नसतो. कायद्याचा दुसराही भाग आहे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, भाले, कट्यारी यांची गणना शस्त्र नियमांत शस्त्रांतच होते. त्याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात तलवारी-भाल्यांबरोबर काठ्या-लाठ्यांचाही समावेश असू शकतो. म्हणून लाकडी किंवा बोथट, गोल टोकाची, सादरीकरणासाठीच बनवलेली साधने वापरा, ती गाडीतून नेताना कापडात बांधून न्या, आणि परवानगीच्या अर्जाला त्यांची यादी व छायाचित्रे जोडा. सरावात वार नेहमी ठरलेला आणि मोजलेला असावा, डोक्याच्या उंचीवर कधीच नसावा, आणि प्रेक्षकांपासून दोरीने आखलेले अंतर असावे. मर्दानी खेळ शिकलेली व्यक्ती तुमच्यात असेल तर तिला शिकवू द्या, पण तिच्याही हातात पहिले काही महिने लाकूडच असू द्या. घोड्यांचा मोह तूर्त आवरा. गर्दी आणि ढोल यांच्यामध्ये भाड्याचा घोडा आणि नवखा स्वार ही जोडी मला तरी पाहवणार नाही.

त्या दोन तरुणींबद्दल तुम्ही लिहिले आहे की एक लाठीकाठी शिकलेली आहे, आणि तरी तुमच्या डोक्यात त्यांच्यासाठी आरतीचे ताट आले. जिला शस्त्र धरता येते तिने शस्त्र धरावे. पगडी आणि मिशीआड कोण आहे हे विचारायला कोणी येत नाही, आणि विचारलेच तर निवेदकाने सरळ सांगावे की आमच्या गटात स्त्रिया शिपायांच्या भूमिका करतात. ज्यांना स्त्री व्यक्तिरेखाच करायची असेल त्यांच्यासाठी बाकाबाई आहेतच. 1818 नंतर गादीवर बसवलेल्या लहानग्या रघुजीच्या नावाने कारभारात आलेली ही स्त्री नुसती दुष्ट किंवा नुसती बिचारी न दाखवता उभी करणे, हे तुमच्या संपूर्ण गटासाठी सर्वांत अवघड काम ठरेल. ते तुमच्यातल्या उत्तम नटीकडे द्या.

नोंदणीची घाई नाही. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 प्रमाणे किमान सात सदस्य लागतात, ते तुमच्याकडे आहेत. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, दरवर्षीचे हिशेब आणि बदल अर्ज हे सगळे मागे लागते. माणसे टिकतात की नाही हे कळण्याआधी हे ओझे घेऊ नये. वर्षभर वर्गणीवर चालवा, जमाखर्चाची वही दोघांच्या सहीने ठेवा, आणि पहिल्याच बैठकीत एका कागदावर लिहून घ्या की सामान कोणाचे, गट सोडणाऱ्याने पोशाख परत करायचा की विकत घ्यायचा, आणि संहितेतील ऐतिहासिक चूक कोणी दाखवली तर निर्णय कोण करणार. बरेचसे गट इतिहासावरून फुटत नाहीत, ‘माझी ढाल कोणाकडे आहे’ यावरून फुटतात. मोठी देणगी किंवा शासकीय मैदान घ्यायचे झाले की नोंदणी करा, तोवर तिच्यावाचून अडणार नाही.

जागेबद्दल बोलायचे तर सीताबर्डीच्या किल्ल्यावरच कार्यक्रम करण्याचे स्वप्न बाजूला ठेवा. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना वर्षातून काही ठरावीक राष्ट्रीय दिवशीच पाहता येतो. आज दिसणारे पक्के बांधकाम लढाईच्या वेळी तसे नव्हते, त्यामुळे मोकळ्या चढावर प्रसंग उभा केला तर तो मूळ परिस्थितीला अधिक जवळचा होईल. तारीख 26 नोव्हेंबरच्या आसपासची घेणार असाल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. तुळशीच्या लग्नानंतर शहरातील मैदाने, लॉन आणि मांडववाले लग्नांसाठी आधीच अडकलेले असतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की पोलिसांचा बंदोबस्त तिकडे वळतो आणि मनाई आदेशांची संख्याही वाढते. म्हणून दसऱ्याआधीच अर्ज करा, एक पोलीस ठाण्यात, एक वाहतूक शाखेत आणि एक जागा ज्यांच्या मालकीची असेल त्यांच्याकडे, आणि ध्वनिक्षेपक वापरणार असाल तर तसा स्वतंत्र उल्लेख करा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.